एकतीस शिक्के आणि एक पाठ

आळीच्या मंडळाच्या वार्षिक सहलीचं संयोजकपद माझ्याकडे आलं ते कर्तबगारीमुळे नव्हे, चिठ्ठीमुळे. चिठ्ठ्या मुराओका सरांनी टाकल्या आणि त्यांनीच उचलली. सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी उचललेल्या चिठ्ठीवर शंका घेण्याची आमच्या तिसऱ्या आळीत पद्धत नाही. अकरा वर्षं सहल त्यांनीच नेली. अकरा वर्षांत एक माणूस हरवला नाही, एक डबा कमी पडला नाही, आणि बस एकदाच उशिरा आली तर सरांनी ड्रायव्हरकडे नुसतं पाहिलं होतं म्हणे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला.

"कुसाकाबे-सान, तुम्ही पाणीपुरवठ्यात," सर मला म्हणाले, "आणि यंदाची सहल कामेनोयुला, गरम पाण्याच्या कुंडांवर. म्हणजे खातं तुमचंच."

पाणीपुरवठा खात्यात मी तेवीस वर्षं सूचना लिहितोय. 'उद्या सकाळी नऊ ते बारा पाणी बंद राहील, गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत' हे वाक्य शहरातल्या घराघरांत माझ्याच लेखणीतून पोचलंय. तेव्हा सहलीची सूचना लिहिणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. लिहिली, फिरत्या पाटीला लावली आणि पाटी शेजारच्या दाराला टांगली. ही फिरती पाटी म्हणजे आमच्या आळीची वाचा. चिमट्यात कागद, कागदावर एकतीस घरांचे एकतीस चौकोन. वाचायचं, आपल्या चौकोनात आपल्या नावाचा लाल शिक्का उमटवायचा आणि पाटी पुढच्या घरी पोचवायची. कचरा कुठल्या वारी, मांजर कुणाचं हरवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळचा रेडिओवरचा व्यायाम कुठल्या मैदानात, सगळं या पाटीवरून कळतं.

आठव्या दिवशी पाटी परत आली. एकतीस शिक्के! मी मिचिएला, म्हणजे बायकोला, हाक मारली.

"बघ. सरांच्या काळात सहलीला कधी एकोणीसच्या वर माणसं गेली नाहीत. घरटी एक माणूस येतोय. याला म्हणतात सूचना लिहिणं."

तिने हात पुसत पाटी घेतली, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. "अहो, पण यात 'येणार' की 'नाही येणार' असं विचारलंय कुठे?"

"शिक्के मारलेत ना?"

"शिक्का म्हणजे 'वाचलं'."

"पण वाचून न येण्यासारखं यात आहे काय?"

"हे तुम्ही विचारताय?" ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली आपल्याला या आळीत. दर वर्षी व्यायामाच्या सूचनेवर शिक्का मारता. गेलात कधी?"

त्या विषयाचा इथे काडीचा संबंध नव्हता. खरी अडचण अशी की तोवर मी बस ठरवून बसलो होतो, गाइडबाई ठरवल्या होत्या आणि कामेनोयुच्या मोठ्या विश्रामगृहात एकतीस जेवणं सांगितली होती. आता 'क्षमा करा, अठराच' असं कळवायचं म्हणजे ते वाकून क्षमा मागणार, मी वाकून क्षमा मागणार, आणि त्यातून कोण आधी सरळ उभं राहील ते देव जाणे. मी कारकुनाला सुचतं तेच केलं. एकतीस नावांची यादी छापली, प्रत्येकासमोर बसमधल्या जागेचा क्रमांक घातला, खाली 'चूक असल्यास कळवावे' असं लिहिलं आणि पाटी पुन्हा फिरवली. निदान दहा-बाराजण तरी कळवतील अशी आशा होती.

पाटी परत आली. एकतीस शिक्के.

कळवलं कुणीच नाही, पण आले पुष्कळजण. पहिल्या आल्या फुकामी बाई. या सरकारी इस्पितळातल्या जुन्या नर्स, आवाज अजून वॉर्डातलाच. दारात अर्धा तास उभ्या राहून हवेविषयी बोलल्या, पर्सिमनची चार फळं दिली, आणि जाता जाता म्हणाल्या, "यादीत टोफूवाले आजोबाही आहेत, नाही का?"

"आहेत की! अठरावी जागा. खिडकीची."

"मग… बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

बँकेतला ओगिनो आला. हा आमच्याच आळीत लहानाचा मोठा झालेला, आता पस्तीस-छत्तिशीचा. दर रविवारी मासे पकडायला जातो. त्यानेही तेच विचारलं, "त्सुचिया आजोबा खरंच येतायत?" मी म्हटलं, "शिक्का आहे त्यांचा." तो मान हलवत म्हणाला, "मग मासे राहू देत." असे एकामागून एक सहाजण येऊन गेले. मी रात्री मिचिएला म्हणालो, "संयोजक बदलला की उत्साह कसा वाढतो बघ." ती पर्सिमन सोलत होती.

गुरुवारी संध्याकाळी खुद्द त्सुचिया आजोबा आले, हातात टोफूच्या दोन वड्या घेऊन.

आजोबांचं वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षं आळीच्या कोपऱ्यावर टोफूचं दुकान. पहाटे तीनला सोयाबीन दळायला बसतात, दुपारी माल संपला की फळी लावतात. आजी सहा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून माणूस जेवढ्यास तेवढं बोलतो. आमच्या सहलीला ते आजवर एकदाही आलेले नव्हते. घरात या म्हटलं तर आले नाहीत, उंबऱ्याशी पायरीवरच टेकले.

"मी नाव कमी करायला नाही आलो," ते म्हणाले. "छापून झालंय, आता कमी केलं तर तुम्हाला त्रास. फक्त एवढंच विचारायचं होतं, तुम्ही सगळे कुंडात उतराल तेव्हा मी बसायचं कुठे?"

"बसायचं का म्हणून? तुम्हीही उतरायचं. अकरा वीस ते बारा दहा, पुरुषांचं कुंड."

आजोबा आपल्या रबरी बुटांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. एकोणिसाव्या वर्षी ते मासेमारीच्या बोटीवर होते. बोटीवरच्या पोरांनी पैज लावली आणि हे बंदरातल्या गोंदणाऱ्याकडे गेले. पाठभर ड्रॅगन ठरला होता. पहिल्या दिवशी डोकं झालं, दुसऱ्या दिवशी मान आणि एक पंजा. तिसऱ्या दिवशी सुया दिसल्या आणि आजोबा मागच्या दाराने पळाले, ते बोटीवर परत गेलेच नाहीत.

"पाठीवर गोंदण म्हणजे गुंड, असं लोक धरतात. तसं म्हणाले असते तरी चाललं असतं हो," ते म्हणाले. "पण अर्धा ड्रॅगन म्हणजे पळपुटा. बघणाऱ्याला लगेच कळतं. सार्वजनिक कुंडात कपडे काढूनच उतरायचं, म्हणून साठ वर्षं होत आली, तिथे पाय ठेवला नाही. लहानपणी वडिलांबरोबर दर महिन्याला जायचो. आता घरच्या टबात गुडघे पोटाशी घेऊन बसतो. बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. आणि आता या वयात आळीला कळायला नको."

मी सूचना लिहिणारा माणूस आहे, ऐकून घेणारा नाही. पण तेव्हा मला फार वाईट वाटलं. हा माणूस इतकी वर्षं गरम पाण्यात नीट पाय पसरून बसला नव्हता, आणि मी एका शिक्क्यावर त्याला कुंडाच्या काठापर्यंत आणून सोडणार होतो. मी म्हटलं, "आजोबा, तुमची पाठ कुणाच्या नजरेला पडणार नाही. संयोजक म्हणून शब्द देतो. तुम्ही फक्त 'पाठ धरलीय' म्हणा. बाकी माझ्यावर सोडा."

ते गेल्यावर मिचिए बाहेर आली. मी तिला एवढंच सांगितलं की आजोबांची पाठ दुखतेय. तिने कपाटातून दुखण्यावर लावायच्या पट्ट्यांचं पाकीट काढून माझ्या पिशवीत टाकलं. "मोठ्या आकाराच्या आहेत," म्हणाली. बायकोच्या या तत्परतेचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, हे नमूद करून ठेवतो.

रविवारी सकाळी साडेसातची बस. सव्वासातला एकतीसही जण रांगेत उभे. मुराओका सर पहिल्या जागेवर, मांडीवर त्यांची जुनी वही. मी प्रत्येकाला मिनिटवार वेळापत्रक वाटलं. सरांनी ते वाचलं आणि "हं" म्हणाले. अकरा वर्षांचा अनुभव एका 'हं'मध्ये कसा मावतो ते मला त्या दिवशी समजलं.

गाइडबाईंचं नाव सावाको. हातात पिवळा झेंडा, गळ्यात माइक, आणि चेहऱ्यावर हसू असं की सलग बारा तास टिकावं. डोंगर कधी लागेल, नदी कधी दिसेल हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाला काही त्रास वगैरे?" मी आजोबांना खूण केली. आमचं ठरलेलं होतं.

"पाठ धरलीय," आजोबा म्हणाले आणि त्यांनी गुडघा धरला.

"अरे वा!" सावाकोबाईंचा चेहरा उजळला. "पाहुण्यांनो, कामेनोयुचं पाणी पाठीच्या दुखण्यावरच प्रसिद्ध आहे! आजोबा, तुम्ही तर अगदी योग्य बसमध्ये बसलात!" आणि बसने टाळ्या वाजवल्या.

हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्याच सूचनेत तिसऱ्या ओळीत छापलेलं होतं. पण सूचना लिहिणारा माणूस आपली सूचना वाचत नाही, तो पुढची लिहायला घेतो.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे खांद्यापर्यंत बुडा, कुणी म्हणे तीनदा बुडा. फुकामी बाई आपल्या जागेवरून उठून आल्या. मला वाटलं, आता या शर्ट वर करायला सांगणार. पण त्यांनी पर्समधून पट्ट्यांचं पाकीट काढलं. "आजोबा, ह्या लावा. चांगल्या रुंद आहेत. एकीला एक चिकटवून लावा, मधे फट ठेवू नका." मागून ओगिनो आला, त्याच्याकडेही पट्ट्या. छत्तीस वर्षांच्या माणसाकडे एवढ्या पट्ट्या कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. पलीकडच्या रांगेतून दोन पाकिटं आली, मागच्या बाकावरून तीन. पहिल्या थांब्यापर्यंत आजोबांच्या मांडीवर नऊ पाकिटं जमली आणि बसमध्ये कापराचा असा दर्प सुटला की ड्रायव्हरने न विचारता खिडकी उघडली. आजोबा प्रत्येकाला वाकून आभार मानत होते आणि दर वेळी वेगळीच जागा धरत होते. कधी कंबर, कधी मान. एकदा तर कोपर.

मी मनात म्हटलं, आपली आळी किती भाबडी आहे.

थांब्यावर मी वीस मिनिटं दिली होती. तेराव्या मिनिटाला सगळे बसमध्ये. दुसऱ्या थांब्यावर पंधरा दिली, नवव्या मिनिटाला हजर. मला लोक उशिरा येतील याची तयारी होती, त्यासाठी मी वेळापत्रकात मधे मधे मोकळी मिनिटं पेरून ठेवली होती. इथे उलटंच झालं. कुणामुळे कुणाचा खोळंबा नको म्हणून सगळेच धावत, आणि कामेनोयुला आम्ही चाळीस मिनिटं आधी पोचलो. विश्रामगृहाच्या दारात चाळीस मिनिटं आधी उभं राहणं हा उशिरापेक्षा मोठा अपराध. आत धावपळ उडते, ते वाकतात, आपण वाकतो. सर्वांना गावातून फिरवून आणा, असं मी सावाकोबाईंना सांगितलं. त्यांचा झेंडा पुढे, आम्ही मागे. सर वहीत काहीतरी लिहीत होते.

गाव चढावर आहे. गटारांतूनसुद्धा वाफ येत होती. आम्ही वाफेवर उकडलेली अंडी खाल्ली, गोड पुरणाचे पाव खाल्ले, आणि रस्त्याकडेला पाय बुडवायचं दगडी कुंड होतं तिथे बसलो. आजोबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. सोडले ते काढेनात. डोळे मिटून बसले. मी घड्याळ बघितलं आणि प्रथमच वाटलं की चाळीस मिनिटं थोडी कमी पडली.

विश्रामगृहात शिरल्यावर पुरुषांच्या कुंडाबाहेरची पाटी मी आधी वाचली: 'गोंदण असलेल्या पाहुण्यांना प्रवेश नाही. क्षमस्व.' यावर माझा उपाय तयार होता. पट्ट्या. पण खाली दुसरी ओळ होती: 'कुंडात उतरण्यापूर्वी औषधी पट्ट्या कृपया काढाव्यात.' ही ओळ ज्याने लिहिली तो माझ्याच जातकुळीचा माणूस असणार, कारण कारकुनाशिवाय इतकं नेमकं कुणी लिहीत नाही.

मी व्यवस्थापकांना गाठलं. गोरापान, हडकुळा, नम्र गृहस्थ. मी म्हटलं, "समजा, एखाद्या परिचिताच्या अंगावर तरुणपणीचं थोडंसं गोंदण असेल…"

त्यांनी माझ्या लांब बाह्यांकडे पाहिलं. मग माझ्या मानेकडे.

"परिचित," ते म्हणाले.

"हो. परिचित."

"आमच्याकडे नेहमी परिचितच असतात," असं म्हणून त्यांनी मला अतिशय अदबीने कार्यालयात नेलं, चहा दिला आणि इतकं खाली वाकले की त्यांच्या डोक्यावरचा टक्कल पडायला लागलेला भाग मला दिसला. आपल्यासारख्या पाहुण्यांबद्दल आम्हाला आदरच आहे. नियम जुना आहे. आपण समजून घ्याल. इतर पाहुणे घाबरतात. आपल्या माणसांनाही कृपया सांगावं.

माझ्या माणसांना! पाणीपुरवठा खात्यात तेवीस वर्षं प्रामाणिक नोकरी केलेल्या, डासाला मारतानासुद्धा क्षमा मागणाऱ्या माणसाला हा गृहस्थ गुंडांचा म्होरक्या समजत होता. माझ्या पाठीवर तीळसुद्धा नाही. शर्ट काढून दाखवणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. बटणाला हात घातलाही. पण शर्ट काढला की परिचित खरा ठरणार, आणि मग ते आमच्या सतराही पुरुषांच्या पाठींकडे बघणार. मी हात खाली घेतला. "समजलो," म्हटलं, जमेल तेवढ्या खर्जात. त्यांनी मला पावांची खोकी भेट दिली. बाहेर येईपर्यंत माझे बूट कुणीतरी पुसून सरळ मांडून ठेवले होते.

व्हरांड्यात मुराओका सर उभे होते. मागे सगळे पुरुष, प्रत्येकाच्या गळ्यात टॉवेल. आजोबा सर्वांत शेवटी, हातात पाकिटांची पिशवी.

"कुसाकाबे-सान," सर म्हणाले, "इथलं कुंड बायकांसाठी राहू दे. फुकामी बाई त्यांच्याकडे बघतील. आपण गावाच्या वरच्या टोकाला जाऊ. तिथे जुनं सार्वजनिक कुंड आहे. एक तास आपल्या नावाने राखून ठेवलंय."

"कधी?"

"सोमवारी. फोन केला मी."

सोमवारी! म्हणजे माझ्या वेळापत्रकाची शाई वाळायच्या आधी. मला तो अपमान खोल लागला. माझ्या पाठीमागे माझ्या सहलीला दुसरी सहल जोडली जात होती. पण आजोबांचा जीव वाचत होता, म्हणून मी पावांची खोकी काखोटीला मारून मुकाट्याने चढ चढलो.

वरचं कुंड म्हणजे काळ्या लाकडांची शेड, आत दगडी हौद, समोर उघडा डोंगर. गल्ल्यावर एक म्हातारी विणत बसली होती. तिने आमच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. "इथे सगळ्यांच्या पाठी सारख्याच," एवढं म्हणाली.

कपडे काढून, अंग धुऊन सगळे भराभर पाण्यात उतरले, आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. पंधराही जण डोंगराकडे तोंड करून ओळीने बसले. एकानेही दाराकडे मान वळवली नाही. त्या डोंगरावर पाहण्यासारखं काहीही नव्हतं, एक विजेचा खांब होता. मी आजोबांच्या पाठीला पट्ट्या लावायला बाहेर थांबलो. चष्मा कपड्यांच्या टोपलीत ठेवलेला, त्यामुळे मला सगळं निळसर-धूसर दिसत होतं. चाचपडत लावल्या. एकोणीस लागल्या. आजोबांनी मान मागे वळवली.

"दिसतंय?"

"काही नाही. नुसती पाठदुखी दिसतेय."

ते पाण्यात उतरले. पाय पसरले. मानेपर्यंत आत गेले आणि तोंडातून असा आवाज निघाला की तो मी साता जन्मांत विसरणार नाही. साठ वर्षं कुणीतरी श्वास रोखून धरला होता आणि तो आता सुटला. मला एकदम रडू आलं. पाण्यात ते कळत नाही, ही कुंडाची मोठी सोय आहे.

आणि मग पहिली पट्टी सुटून वर आली.

गरम पाण्यात डिंक टिकत नाही हे पाणीपुरवठ्यातल्या माणसाला कळायला हवं होतं. दुसरी आली, तिसरी आली. मी लाकडी घंगाळ घेऊन हळूच एकेक गोळा करू लागलो. तेरावी तरंगत तरंगत थेट ओगिनोच्या हनुवटीला लागली. त्याने ती उचलली, मागे न बघता माझ्या घंगाळात टाकली आणि पुन्हा विजेच्या खांबाकडे बघू लागला. अठरावी, एकोणिसावी. आता पाठ उघडी, पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि पंधरा माणसं खांब बघतायत.

मग सर खांबाकडे बघत म्हणाले, "आजोबा, पाठ कशी आहे?"

"बरी आहे," आजोबा म्हणाले. "फार बरी आहे."

आणि ओगिनो, पाण्याने सैलावलेला, डोळे मिटलेला ओगिनो, अगदी सहज म्हणाला, "शेपूट शेवटपर्यंत काढलीच नाहीत ना, आजोबा?"

पाणी थांबल्यासारखं झालं. ओगिनोचे डोळे उघडले. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले, पण शब्द बाहेर पडून गेला होता. मी घंगाळ धरून उभा राहिलो. आयुष्यात दिलेला एक शब्द, तोही गेला.

"तुला कसं माहीत?" आजोबांनी विचारलं.

"लहानपणी… सुट्टीत सकाळी व्यायामाला जाताना… तुमचं मागचं दार वीतभर उघडं असायचं, उकाड्याचं. तुम्ही शर्ट काढून कढया घासत असायचात. आम्ही सगळी पोरं डोकावायचो. दर वर्षी वाटायचं, यंदा शेपूट आली असेल."

आजोबा पाण्यात खाली खाली गेले, नाकाशी पाणी आलं. मला वाटलं आता हे वर येतच नाहीत.

"माझ्या शाळेत," सर म्हणाले, "सुट्टीत पाहिलेलं चित्र काढायला सांगायचो. तीस वर्षांत चौदा मुलांनी शेपूट नसलेला ड्रॅगन काढला. दोघांना मी पहिला नंबर दिलाय."

"म्हणजे सगळ्यांना…"

"सगळ्यांना," सर म्हणाले. "म्हणून तुमचं नाव मी अकरा वर्षं यादीत धरलं नाही. तुम्हाला नाही म्हणायची वेळ यायला नको. यंदा तुमचं नाव पाटीवर छापलेलं बघितलं आणि आळीने म्हटलं, आजोबा येतायत तर जायला हवं. पट्ट्या घेऊन."

मी त्या एकतीस शिक्क्यांचा विचार करत होतो. माझी सूचना, माझा उत्साह, माझे जागांचे क्रमांक. घंगाळात एकोणीस ओल्या पट्ट्या होत्या, त्यांच्याइतकाच मीही गळपटलो.

"पण मी पळालो होतो," आजोबा म्हणाले. "कळतं ना तुम्हाला? अर्धा आहे. मी पळालो."

"एकोणिसाव्या वर्षी पळालात," सर म्हणाले. "त्यानंतर पन्नास वर्षं पहाटे तीनला उठताय. त्यातून एकदाही पळाला नाहीत. आम्हाला तुमच्या आतलं फक्त तेवढंच माहीत आहे."

कुठून सुरुवात झाली कळलं नाही, पण आजोबा हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता उभे राहिले, आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "मग घ्या, नीट बघून घ्या एकदाचं. दारातून डोकावायला नको."

सगळे वळले. ओगिनो म्हणाला, "अजून तसाच आहे!" कुणी म्हणालं डोळे छान काढलेत. कुणी पंजाची नखं मोजली. मीही डोळे ताणताणून पाहिलं. मला एक निळा डाग दिसला. चष्मा टोपलीत होता. सगळ्या आळीत एकट्या मलाच ड्रॅगन ठाऊक नव्हता, आणि समोर उभा राहिला तरी तो मला दिसत नव्हता.

जेवणाला मोठी मजा आली. बायकांना नुसत्या चेहऱ्यांवरून कळलं. फुकामी बाईंनी आजोबांच्या ताटात आपली कोळंबी टाकली. माझ्या ताटात मात्र मुळातच दोन कोळंब्या जास्त होत्या आणि वाढणाऱ्या मुली माझ्याशी फार हळू आवाजात बोलत होत्या. खुलासा करण्यात अर्थ नव्हता. व्यवस्थापक बस निघेपर्यंत वाकून उभे होते. सरांनी आळीत बसमधून उतरताना वही मिटली आणि मला म्हणाले, "पुढच्या वर्षीही तुम्हीच." अकरा वर्षांत त्यांनी हे कुणाला म्हटलेलं नाही. मी डोळे पुसले, कापूर झोंबतोय म्हणून.

घरी येऊन मिचिएला सगळं सांगितलं. ती पावांचं खोकं उघडत होती.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

"तुला होतं?"

"मी मुलांना व्यायामाला सोडायला जायचे की. तुम्ही सकाळी सहाला उठलात कधी? शिक्के तेवढे मारलेत."

पुढच्या जुलैत पाटी आली. व्यायाम, साडेसहा, शाळेचं मैदान. मी शिक्का मारला. आणि पहिल्याच सोमवारी सव्वासहाला, मुलांच्या रांगेमागे, चष्मा नीट पुसून, आळीच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. टोफूच्या दुकानाचं मागचं दार वीतभर नव्हतं, सताड उघडं होतं. आतून वाफ येत होती. उघड्या पाठीने आजोबा कढई घासत होते, आणि पोरं उंबऱ्यात रांगेत बसून बघत होती. ड्रॅगन चांगला होता. थोडा भ्यालेला दिसत होता, पण पळाल्यासारखा नाही.

आजोबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आलात?" ते म्हणाले. "मला वाटलं, नुसता शिक्का मारलात."